मॉरिशसचे सूत्र फिजीला लावले असते तर?

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "मॉरिशस, फिजी, गयाना, त्रिनिदाद. चारही ब्रिटिशांच्या वसाहती, चारही लहान, चारही ठिकाणी उसाच्या मळ्यांसाठी नेलेले भारतीय मजूर. तरी मॉरिशसची लोकशाही टिकली आणि फिजीत लष्कराने बंडे केली. हे मॉरिशसच्या 'बेस्ट लूझर' पद्धतीमुळेच ना? फिजीने तीच पद्धत घेतली असती तर वाचला असता का? आणि मुळात प्रत्येक जण आपल्याच जमातीला मत देणार असेल, तर निवडणूक म्हणजे पाच वर्षांनी होणारी शिरगणतीच नाही का?"

आधी शेवटच्या भागाबद्दल बोलतो, कारण खरी मेख तिथे आहे. माणसे आपल्या माणसाला मत देतात, यात मला फारसे विशेष वाटत नाही. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या गटात उमेदवारी कशी ठरते हे पाहिलेल्या कोणालाही वाटू नये. घोडे पेंड खाते ते मतदानात नव्हे, मोजणी संपल्यानंतर. ज्या गटाला आपण संख्येने कमी आहोत हे ठाऊक आहे, त्याने आजचा निकाल का मानायचा? पाच वर्षांनीही आपण कमीच असणार हे ज्याला दिसते, त्याला "पुढच्या वेळी बघू" हे सांगून उपयोग नसतो. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: लहान, विभागलेल्या देशात हरणे परवडण्याजोगे कशामुळे होते?

मी बरीच वर्षे तुलनात्मक राजकारण शिकवत आलो आहे आणि मधूनमधून निवडणूक निरीक्षकांच्या पथकांतून या देशांपैकी काहींत गेलो आहे. तिथे पक्षाच्या कार्यकर्त्यांना मी एक प्रश्न ठरवून विचारतो: "हरलात तर उद्या सकाळी काय बदलेल?" मॉरिशसमध्ये बहुतेक जण कंत्राटे, महामंडळांवरच्या नेमणुका आणि पुतण्याची सरकारी नोकरी यांबद्दल बोलतात. फिजीत ऊस पिकवणारा शेतकरी जमिनीच्या भाडेपट्ट्याबद्दल बोलतो. या दोन उत्तरांत जे अंतर आहे, तेच या दोन देशांतले अंतर आहे असे माझे मत झाले आहे.

आता बेस्ट लूझर. तिचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण ती चालते कशी हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. मॉरिशस बेटावर २० मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तीन सदस्य. रॉड्रिग्ज बेटावरून आणखी दोन. असे ६२ निवडून येतात. त्यांच्यावर जास्तीत जास्त आठ जणांना 'हरलेल्यांतले सरस' म्हणून सभागृहात घेतले जाते. राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार जमाती आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिन्हींत न बसणारे सगळे म्हणजे 'जनरल पॉप्युलेशन'. उमेदवाराने अर्ज भरतानाच आपली जमात लिहायची. निकालानंतर निवडणूक आयोग प्रत्येक जमातीच्या लोकसंख्येला तिला मिळालेल्या जागा अधिक एक या आकड्याने भागतो. ज्या जमातीचा भागाकार सर्वांत मोठा, ती सर्वांत मागे राहिलेली, म्हणून पहिली जागा तिला.

हिशोब करून पाहू. लोकसंख्या १९७२ च्या जनगणनेची घेतात: हिंदू साधारण ४ लाख २८ हजार, जनरल पॉप्युलेशन २ लाख ३७ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार, चिनी २४ हजार. समजा एखाद्या निवडणुकीत हिंदू ३७, जनरल पॉप्युलेशनचे १६, मुस्लिम ८ आणि चिनी १ असे निवडून आले. हिंदूंचे ४२८ भागिले ३८, म्हणजे ११ हजारांच्या वर थोडे. जनरल पॉप्युलेशनचे २३७ भागिले १७, म्हणजे १४ हजारांच्या आसपास. मुस्लिमांचे १३७ भागिले ९, म्हणजे १५ हजारांवर. चिन्यांचे १२ हजार. पहिली जागा मुस्लिम उमेदवाराला. मग मुस्लिमांच्या जागा नऊ धरून पुन्हा भागाकार, आणि दुसरी जागा जनरल पॉप्युलेशनकडे जाते. पहिल्या चार जागा अशा, पक्ष न पाहता. उरलेल्या चार देताना पक्षांचे मूळ बलाबल बिघडणार नाही हे पाहतात.

म्हणजे आठ जागांनी सत्ता कोणाची हे ठरत नाही, आणि ते मुद्दामच तसे ठेवले आहे. ही पद्धत आजच्या रूपात आली ती १९६६ च्या बॅनवेल आयोगाच्या (ब्रिटिशांनी निवडणूक पद्धत ठरवायला नेमलेल्या) वेळच्या वाटाघाटींतून. तेव्हा मुस्लिमांना, आणि क्रिओलांना (मळ्यांतल्या गुलामांच्या वंशजांना) तर फारच, 'हिंदू राज्या'ची भीती वाटत होती. आठ जागांनी एवढेच सांगितले की सभागृहातून तुम्ही पुसले जाणार नाही. घाबरलेल्या माणसाला एवढे आश्वासनही पुष्कळ असते. पण ते पुरले नाही, हे लगेच दिसले.

ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, पण सुमारे ४४ टक्के मते गाएतां द्युवाल यांच्या स्वातंत्र्यविरोधी पक्षाला पडली. देश जन्माला येतानाच निम्म्याला थोडे कमी लोक म्हणत होते की आम्हाला हा देश नकोच. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य उतरवावे लागले, आणि १२ मार्चला झेंडा फडकला तो त्या सावटाखाली. बेस्ट लूझर तेव्हाही घटनेत होतीच.

मग काय झाले? पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये त्याच द्युवालना सरकारात घेतले. त्या ४४ टक्क्यांचे नेते मंत्रिमंडळात बसले. पाठ्यपुस्तके इथे थांबतात आणि 'सामंजस्य' हा शब्द लिहून पुढे जातात. त्या सामंजस्याची किंमत मात्र लोकशाहीनेच मोजली. १९७२ च्या सुमाराला व्हायच्या निवडणुका १९७६ वर ढकलल्या गेल्या, १९७१ मध्ये गोदी कामगारांच्या संपानंतर आणीबाणी लागली, नव्या डाव्या पक्षाचे, एमएमएमचे, नेते पॉल बेरांजे तुरुंगात गेले. जमातींमधला समेट वरच्या वरच्या पुढाऱ्यांत झाला आणि खालून वर्गाच्या भाषेत बोलणाऱ्यांना गप्प बसवले गेले. मॉरिशसला आदर्श म्हणणाऱ्यांनी ही चार वर्षे झाकून ठेवू नयेत. तरी १९७६ ला निवडणूक झाली, एमएमएम सर्वांत मोठा पक्ष ठरला, आणि १९८२ मध्ये त्याच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. रामगुलाम स्वतः हरले आणि बाजूला झाले. वसाहतोत्तर देशांत स्वातंत्र्याचा नेता मतपेटीतून जातो आणि निमूटपणे जातो, हे १९८२ साली तरी दुर्मीळच होते.

हे घडू शकले त्यात माझ्या मते आठ जागांपेक्षा तीन फुल्यांचा हात मोठा आहे. मॉरिशसच्या मतदाराला मतपत्रिकेवर तीन उमेदवारांपुढे फुली मारावी लागते. तीनच, दोन मारल्या तर मत बाद. मतदारयादी सगळ्यांची एकच. त्यामुळे प्रत्येक पक्ष तीन जणांचा संच उतरवतो, आणि तो संच बांधताना त्या मतदारसंघातली माणसे मोजतो. उत्तरेकडच्या उसाच्या पट्ट्यात दोन हिंदी-भोजपुरी परंपरेचे आणि तिसरा तमिळ किंवा क्रिओल. शहरात वेगळी जुळणी. हे जातीयवादाचे उघडे राजकारण आहे, मान्य. पण परिणाम पाहा: हिंदू उमेदवाराला निवडून यायचे तर आपल्या मतदारांना सांगावे लागते की माझ्या शेजारच्या क्रिओल भावालाही फुली द्या, आणि क्रिओल वस्तीत जाऊन स्वतःसाठी मागावी लागते. एका जमातीचा पक्ष काढून सरकार बनवता येत नाही. हिंदू निम्म्याच्या आसपास असले तरी ते एक नाहीत, आणि हे आपल्याला तर चांगलेच कळायला हवे.

कारण तिथे मराठीही आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशज, मुळात बरेचसे कोकणातले. घटनेच्या चार रकान्यांत ते 'हिंदू'. रोजच्या राजकारणात मात्र मराठी, तेलुगू आणि तमिळ हे स्वतःला वेगळे धरतात, त्यांच्या वेगळ्या संस्था आहेत, आणि मंत्रिमंडळ जाहीर झाले की आपला कोण आहे हे प्रत्येक जण बघतो. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तशी तेलुगूंच्या उगादीला, तमिळांच्या कावडीला, चिनी नववर्षाला आणि ईदलाही. सुट्ट्यांची ही यादी पाहून हसणारे लोक मला भेटले आहेत. मी हसत नाही. अल्पसंख्याकाला राज्य आपलेही आहे असे वाटायला याहून स्वस्त साधन सापडणे कठीण.

आता ज्या गोष्टी घटनेत लिहिलेल्या नाहीत, त्यांच्याकडे येऊ, कारण तुमच्या 'फिजीने घेतली असती तर'चे उत्तर तिथे आहे. मॉरिशसला कायमची लष्करी फौज नाही. पोलीस आहेत आणि त्यांचे निमलष्करी दल आहे. म्हणजे निकाल उलटवायला बंदूक घेऊन बाहेर पडणारी एका जमातीची छावणीच नाही. दुसरे, बेट मुळात निर्जन होते; डच, फ्रेंच, गुलाम, मजूर, व्यापारी, सगळेच बाहेरून आलेले. 'भूमिपुत्र' हा दावा तिथे कोणालाच करता येत नाही. तिसरे, मतांनी सत्ता हिंदूंकडे गेली तरी उसाची मोठी इस्टेट फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांकडे राहिली. रामगुलामांनी ती काढून घेतली नाही. साखरेच्या निर्यातीवर कर लावला, युरोपच्या बाजारात बरा भाव मिळवला, १९७० पासून निर्यात क्षेत्रात कापड कारखाने आणले. त्या पैशातून आधीपासून असलेले सरसकट वृद्धापकाळ वेतन चालू ठेवले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट केले. पेन्शन देताना जमात विचारत नाहीत. हरलेल्या गटाच्या म्हाताऱ्यालाही ती महिन्याच्या महिन्याला मिळते. अशा देशात हरणे म्हणजे सर्वस्व जाणे नव्हे.

आता फिजी. गंमत अशी की सूत्रांची फिजीत कधीच वाण नव्हती. १९७० च्या घटनेत ५२ जागा होत्या: २२ मूळ फिजींना, २२ भारतीयांना, ८ इतरांना. त्यातल्या २७ जागांवर फक्त आपापल्या वंशाच्या यादीतले मतदार मत देत, आणि २५ जागांवर उमेदवाराचा वंश ठरलेला पण मतदार सगळे. कागदावर हे मॉरिशसपेक्षा काटेकोर आहे. पण वेगळ्या याद्यांमुळे उमेदवाराला पलीकडच्या दारात जायची गरज निम्म्याहून अधिक जागांवर पडतच नव्हती. आणि मुख्य म्हणजे ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन मूळ फिजी कुळांच्या सामाईक मालकीची, ती कसणारे भारतीय भाडेपट्ट्यावर, आणि लष्कर जवळजवळ पूर्ण मूळ फिजींचे. संख्या एकाकडे, जमीन आणि बंदूक दुसऱ्याकडे. एप्रिल १९८७ मध्ये तिमोची बावद्रा यांची आघाडी जिंकली. बावद्रा स्वतः मूळ फिजी. पण सरकार भारतीयांच्या मतांवर आले एवढे पुरले. महिनाभरात, १४ मे रोजी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी संसदेतून सरकार उचलले.

पुढे १९९७ ला पसंतीक्रमाच्या मतदानाची नवी घटना आली, मध्यममार्गी पुढाऱ्यांना बळ मिळावे म्हणून. १९९९ मध्ये महेंद्र चौधरी पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले आणि वर्षभरात, मे २००० मध्ये, जॉर्ज स्पाइटच्या टोळीने त्यांना संसदेतच ओलीस धरले. त्याच काळात, १९९७ पासून, जमिनीचे तीस वर्षांचे भाडेपट्टे संपू लागले होते. ते चुलीसारखे आत धुमसत होते आणि निवडणूक पद्धतीचे कोणतेही झाकण त्यावर बसणार नव्हते. तिथे आठ बेस्ट लूझर बसवून काय झाले असते? आठ खुर्च्या वाढल्या असत्या. छावणीतली माणसे तीच राहिली असती आणि सातबारा ज्याच्या नावावर होता त्याच्याच नावावर राहिला असता.

गयाना हा त्याहून कडू धडा आहे, आणि विशेषतः प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, हे सर्व रोगांवरचे औषध मानणाऱ्यांनी तो पाहावा. छेदी जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम आधी एकाच पक्षात होते. १९५५ मध्ये फूट पडली आणि पुढे एकाकडे भारतीय, दुसऱ्याकडे आफ्रिकी वंशाचे लोक असे ताट वाढले गेले. जगन डावे, म्हणून वॉशिंग्टनला नकोसे. ब्रिटिशांनी १९६४ ला प्रमाणशीर पद्धत आणली. जगनना सर्वाधिक मते मिळूनही बर्नहॅम आघाडी करून सत्तेत आले. पद्धत न्याय्यच होती, पण ती आणण्याचा हेतू सगळ्यांना माहीत होता. पुढे १९६८ पासून निवडणुकांत इतका घोळ घातला गेला की मोकळी निवडणूक व्हायला १९९२ उजाडले. २०२० मध्येही २ मार्चच्या मतदानाचा निकाल जाहीर होऊन इरफान अली यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी व्हायला ऑगस्ट लागला, तोही फेरमोजणी आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर. त्रिनिदादबद्दल एवढेच सांगतो की तिथे २००१ मध्ये १८-१८ अशी बरोबरी झाली, राष्ट्राध्यक्षांनी पॅट्रिक मॅनिंग यांना बोलावले, सत्तेवरचे पंतप्रधान वासुदेव पांडे यांनी आरडाओरडा केला, आणि सरकार बदलले. बंदुका निघाल्या नाहीत. बरोबरीतून हरूनही पांडे यांच्या मतदारांची जमीन किंवा दुकान जाणार नव्हते.

म्हणजे आतापर्यंतचे एका दमात: बेस्ट लूझरने भीती थोडी कमी केली, सामाईक यादी आणि तीन मतांनी पक्षांना एकमेकांच्या दारात जायला लावले, आणि बंदूक, जमीन व मते एकाच गटाच्या हाती नव्हती किंवा समोरासमोर उभी नव्हती, म्हणून हे सगळे चालू शकले. यातले पहिले दोन घटनाकारांच्या हातात असते, तिसरे बहुतेक वेळा नसते. नसते म्हणजे काहीच करता येत नाही असे नव्हे. भाडेपट्ट्याचा प्रश्न निवडणूक कायद्याच्या आधी सोडवता येतो, पोलीस भरती बदलता येते. पण ती कामे हळू होतात, आणि परदेशी सल्लागारांना घटनेचा मसुदा लिहायला जास्त आवडतो.

सूत्राची किंमतही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मॉरिशसला पूर्ण गुण देऊन बसाल. १९८२ च्या जनगणनेपासून जमातीचा रकाना काढून टाकला, म्हणून हिशोब अजून १९७२ च्या आकड्यांवर चालतो. जन्मच झाला नव्हता अशा माणसांचे प्रतिनिधित्व त्या आकड्यांनी मोजले जाते. त्याहून वाईट आहे ती 'जनरल पॉप्युलेशन'ची गोधडी. तिच्यात साखर कारखानदार फ्रेंच घराणी आणि त्यांच्याच मळ्यांत राबलेल्या गुलामांचे वंशज क्रिओल एकत्र शिवलेले आहेत. कागदावर या जमातीला तिचा वाटा मिळतो, पण सरकारी नोकऱ्यांत आणि शाळांच्या निकालात क्रिओल मागेच राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटभर दंगे उसळले. ज्या देशाला सगळे जग नमुना म्हणत होते, त्याच देशात.

शिवाय एक वंशाची, किंवा म्हणा घराण्याची, गोष्ट. १९६८ पासून आजवर पंतप्रधानपद रामगुलाम बाप-लेक आणि जगन्नाथ बाप-लेक यांच्याबाहेर एकदाच गेले: २००३ ते २००५, पॉल बेरांजे. तेही निवडणुकीआधी झालेल्या वाटणीच्या करारामुळे, अनिरुद्ध जगन्नाथ मध्येच खुर्ची सोडून राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून. हिंदूतर पंतप्रधान स्वतःच्या बळावर निवडून येईल असे तिथले जाणकारही खासगीत छातीठोकपणे म्हणत नाहीत. तुमची शिरगणतीची शंका इथे खरी ठरते, ती नाकारण्यात अर्थ नाही.

मग ओळख घटनेत लिहावी की पुसावी? परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि हे टाळाटाळ म्हणून म्हणत नाही. दंगलीच्या उंबरठ्यावर असलेल्या देशात, १९६६ च्या मॉरिशससारख्या, मी लिहावी असेच म्हणेन. पण त्या कलमाला मुदत घालून. मुदत नसलेले कलम काढताना ज्याचा फायदा होतो तो कायम नाही म्हणतो. मॉरिशसमध्ये हेच चालले आहे. रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव या लहान डाव्या पक्षाच्या लोकांनी जमात लिहायला नकार दिला, कोर्टात गेले, आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती जमात न लिहिण्याची मुभा मिळाली, मग पुन्हा पहिले पाढे. मुस्लिम मतदारांना भीती की आठ जागा गेल्या तर आपण कमी पडू, आणि त्यांची भीती हिशोबाने खोटी नाही; वरचा भागाकार पुन्हा पाहा.

माझा कल असा आहे की जमातीचा रकाना काढावा आणि त्या जागी पक्षांच्या मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात. २००२ मध्ये आल्बी सॅक्स आयोगाने अशा ३० जागा सुचवल्या होत्याच. कारण आजच्या मॉरिशसचे खरे दुखणे जमातींचे कमी आणि पक्षांचे जास्त आहे: २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर एका आघाडीला ६२ पैकी ३८ जागा मिळाल्या, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात शिवसागर यांचे पुत्र नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या सगळ्या साठ. १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या विरोधकांचे जे चार सदस्य सभागृहात बसू शकले, तेही बेस्ट लूझरच्याच दारातून. घटनेतला हा भाग बदलायला तीन चतुर्थांश बहुमत लागते. २०२४ मध्ये साठ जागा जिंकून आलेल्या सरकारकडे ते होते, आणि जमात लिहायला नकार देणारा तो लहान पक्षही तेव्हा त्याच आघाडीत होता. अडचण एवढीच की ज्या पद्धतीने साठपैकी साठ मिळाल्या, ती बदलण्याची घाई जिंकलेल्या आमदारांपैकी कोणाला असेल, याची यादी करायला बसलो तर मला फार कागद लागणार नाही.